थार, जिप्सी, जिम्नी आणि जादा दिवे: कायदा कुठे अडवतो, वायरिंग कुठे फसतं

ऑफरोड गाडीवर जादा दिवे चढवणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो: "रस्त्यावर पेटवतच नाही, मग कुणाला काय त्रास?" त्रास कुणाला होत नसेलही, पण चलन तरी होऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ म्हणतो की गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायचाच नाही. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची, आधी मंजुरी घेतली असेल तरच चालतं. ट्रक-बसला एक न्याय आणि खासगी गाडीला दुसरा, असंही तिथे नाही. दिवा बंद होता, त्यावर काळं कव्हर होतं, फ्यूज काढून ठेवला होता, ह्यातलं काहीही ह्या नियमापुढे टिकत नाही. दिवा बसवलाय की नाही, एवढंच तो बघतो.

कव्हरचा गैरसमज कुठून आला तेही सांगतो. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम २४४११ आहे. त्यात ऑफरोड वापरासाठी आठपर्यंत जादा दिवे लावायची मुभा आहे, पण सार्वजनिक रस्त्यावर आलं की ते बंद हवेत आणि प्रकाश आरपार जाणार नाही अशा कव्हरने झाकलेले हवेत. त्यांचं वायरिंगही बाकीच्या दिव्यांपासून वेगळं हवं. अमेरिकी बाजारासाठी बनणाऱ्या दिव्यांच्या खोक्यात म्हणूनच कव्हर येतं. तेच खोकं आपल्याकडे येतं, सोबत कव्हर येतं आणि "कव्हर लावलं की लीगल" हा समजही येतो. भारतीय नियमांत अशी कव्हरची सवलत नाही. कव्हर जरूर लावा, काचेवर खडी बसत नाही आणि पोलिसाला तुमचा हेतू बरा दिसतो. कायदेशीर बचाव म्हणून मात्र त्याच्यावर विसंबू नका.

दुसरा गैरसमज 'ऑफरोड वाहन' ह्याच शब्दाचा. गाडीला फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) असो, लॉकिंग डिफरन्शियल (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) असो, आरसीवर ती एलएमव्ही म्हणजे हलकी मोटारकारच असते. अल्टोला जे दिव्यांचे नियम तेच थारला. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून सुटतात ती कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायला बनवलेली विशेष वाहनं. फार्महाऊसवर फिरणारी, नोंदणी नसलेली एटीव्ही (जाड चाकांची उघडी छोटी गाडी) त्या आवारात आहे तोवर तिच्यावर चार काय, दहा दिवे लावा. पण ती गावच्या रस्त्यावर आली की दिव्यांचा प्रश्न फार पुढचा, आधी नोंदणी आणि विमा कुठाय हे विचारलं जाईल.

"पण आम्ही तर कच्च्या रस्त्यावर होतो" ह्यालाही अर्थ नाही. कायद्यातली 'सार्वजनिक जागा' डांबरावर ठरत नाही. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती कुठलीही वाट त्यात येते, मग ती वाहती असो वा नसो. पाणंद रस्ता, धरणाच्या कडेची मुरूमाची वाट, गडाच्या पायथ्यापर्यंतचा बैलगाडीचा रस्ता हे सगळं त्यात बसतं. कुंपण घातलेलं खासगी शेत किंवा आयोजकांनी भाड्याने घेतलेला ट्रॅक बसत नाही. तिथपर्यंत गाडी ज्या रस्त्याने आणलीत तो मात्र बसतो. त्यामुळे रॉक क्रॉलिंगसाठी, म्हणजे खडकांवरून हळूहळू चढवण्यासाठी, पार उघडी केलेली गाडी शहाणे लोक फ्लॅटबेड ट्रकवर टाकूनच नेतात.

बाकीचे तीन नियम

नियम १०५ हेडलाइटचा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हा केव्हाही, १५५ मीटरवरची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसतील असे दिवे गाडीला हवेत, आणि चारचाकीला हेडलाइट दोन किंवा चार. हा आकडा महत्त्वाचा आहे. गाडीला कंपनीकडूनच डिपरचे दोन आणि अप्परचे दोन असे चार वेगळे हेडलाइट आले असतील, तर बंपरवर लावलेली जादा जोडी म्हणजे पाचवा-सहावा हेडलाइट. 'हा ड्रायव्हिंग लाइट (अप्परला साथ देणारा जादा दिवा) आहे, स्पॉट नाही' हा वाद घालायलाही मग जागा उरत नाही.

नियम १०८ रंगांचा. पुढे लाल दिसता कामा नये आणि मागे लालखेरीज दुसरं काही दिसता कामा नये. मागच्या बाजूचे अपवाद मोजके: नंबरप्लेटचा पांढरा दिवा, रिव्हर्स लाइट, इंडिकेटरचा अंबर. म्हणून टपाच्या मागच्या कडेला लावलेला पांढरा वर्कलाइट, किंवा धुळीत मागच्या गाडीला दिसावं म्हणून लावलेला पिवळा 'चेस लाइट', रस्त्यावर पेटला की थेट नियमभंग. गाडीच्या पोटाखाली रंगीत रॉकलाइट लावणाऱ्यांनी लाल रंग पुढून दिसतो का ते बघावं. बहुतेकांचा दिसतो. (ट्रॅक्टरचा मागचा नांगरणीचा दिवाही ह्यातलाच. उसाची ट्रॉली ओढताना तो चालू राहिला की मागच्या दुचाकीवाल्याची काय अवस्था होते ते कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना सांगायला नको.) "ट्रकच्या टपावर दिवे चालतात, मग आमच्या का नाही?" हा प्रश्नही नेहमीचा. ट्रकच्या टपावरचे ते छोटे दिवे नियम १०७ नेच सक्तीचे आहेत, गाडीची उंची-रुंदी लांबून कळावी म्हणून. रस्ता उजळायला नव्हेत.

आता नियम १०६, माझ्या मते सगळ्यांत नीट वाचण्यासारखा. दिव्यापासून ८ मीटर समोर, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिव्याने दिपवता कामा नये. एकतर झोत कायमचा खाली वळलेला हवा, किंवा ड्रायव्हरला तो खाली वळवता यावा, किंवा तो विझवताक्षणी खाली वळलेला दुसरा झोत लागावा. आपण ज्याला डिपर देणं म्हणतो ते हेच. सूट फक्त ७ वॅटपर्यंतच्या, दुधी काचेच्या बल्बला.

हा बिंदू कागदावर मांडून बघा. दिवा बंपरवर ०.७ मीटर उंचीवर आहे. आठ मीटरवरचा डोळा त्याच्यापेक्षा ०.८ मीटर वर, म्हणजे सुमारे पावणेसहा अंशांवर. अरुंद स्पॉटचा गाभा ह्या कोनाच्या खालून निघून जातो आणि चाचणी 'पास' झाल्यासारखी वाटते. तोच डोळा ८० मीटरवर असताना कोन जेमतेम अर्ध्या अंशाचा उरतो, म्हणजे समोरचा माणूस झोताच्या मधोमध. हेडलाइटच्या डिपरला वरच्या कडेला जी धारदार रेघ असते, कट-ऑफ, ती ड्रायव्हिंग लाइटला आणि लाइट बारला (एलईडींच्या आडव्या पट्टीला) नसतेच. त्यामुळे "खाली वाकवून लावलाय" ह्याने प्रश्न सुटत नाही. झोत वाकतो, पण त्याच्या कडेचा विखुरलेला प्रकाश तसाच वर जात राहतो. टपावरच्या बारचं गणित तर आणखी वाईट. तो १.९ मीटरवर, समोरच्याचा डोळा दीड मीटरवर, म्हणजे बार जितका खाली झुकवाल तितका नेम त्याच्या डोळ्यांवर.

युरोपात, संयुक्त राष्ट्रांच्या आर-४८ नियमात, ह्याचा मार्ग साधा आहे: जादा अप्पर दिवे हेडलाइटच्या अप्परशीच जोडायचे, डिपर दिला की सगळे एकदम विझले पाहिजेत, आणि सगळ्यांची मिळून एकूण तीव्रता ४,३०,००० कँडेलाच्या (झोताच्या तीव्रतेचं एकक) आत हवी. आपलं एआयएस-००८ हे मानक त्याच आर-४८ नियमावर बेतलेलं आहे. पण ते गाडी बनवणाऱ्या कंपनीला मंजुरी देतानाचं मानक आहे. तुमच्या गॅरेजमधल्या फिटिंगला त्यातून आपोआप मान्यता मिळत नाही.

दंड कुठल्या कलमाखाली

साधी केस असेल तर कलम १७७: पहिल्यांदा ५०० रुपये, पुढच्या वेळी १,५००. हे स्वस्त वाटतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. १ सप्टेंबर २०१९ पासून मात्र कलम १८२अ(४) आलंय. कायद्याने किंवा नियमांनी मुभा नाही असा बदल मालकाने केला, रेट्रोफिटिंग (नंतर बसवलेले भाग) धरून, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द मोलाचे. लाइट बार एक, बंपरवरची जोडी दुसरी, पुढचा लोखंडी बुलबार तिसरा. बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईला सांगितलंच आहे, त्यामुळे बुलबारवर चढवलेला दिवा म्हणजे एकाच नटबोल्टावर दोन गुन्हे. त्याशिवाय कलम १९०(२): रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग करणारी गाडी सार्वजनिक जागी चालवली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स निलंबित. समोरच्याला दिपवून अपघात झाला असेल तर पोलिसांचा हात ह्या कलमाकडे जाणार, १७७ कडे नाही.

कलम ५२ वर मालकांमध्ये भरपूर काथ्याकूट चालतो. ते कलम म्हणतं की आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील ह्यांत फरक पडेल असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्यावर उत्तर येतं: "आरसीवर दिव्यांचा रकाना कुठाय?" नाहीये, हे खरं. पण हा मुद्दा फक्त कलम ५२ पुरता चालेल. नियम १०६, १०८ आणि १११ ला आरसीशी काही देणंघेणं नाही, आणि १८२अ(४) ला 'नियमांनी मुभा नसलेला बदल' एवढं पुरतं.

आरटीओची मंजुरी मिळते का? नियमात वाट आहे, तेव्हा अर्ज जरूर करता येतो: गाडीचा तपशील, दिव्याचं मॉडेल आणि वॅट, कुठे आणि किती उंचीवर लावणार, कशासाठी. बचाव पथक, वनखातं, आपत्ती व्यवस्थापन असं कारण पटण्यासारखं आहे. "रविवारी ताम्हिणीत जातो" हे अपवादात्मक परिस्थितीत बसवायला कुठला अधिकारी धजावेल असं वाटत नाही. मंजुरी मिळालीच तर मूळ पत्र गाडीत ठेवा. ती आधी घ्यायची असते, चलन झाल्यावर नाही.

जुन्या जिप्सी आणि महिंद्राच्या एमएम-५४० जीपवाल्यांना १५ वर्षांनी पुनर्नोंदणी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग आहेच. तिथे निरीक्षक गाडीभोवती फिरतो. दिवे आदल्या दिवशी घरी उतरवून जा, आणि लोंबणाऱ्या वायरी बांधा. मोकळ्या वायरींना हरकत निघते ती दिव्यांपेक्षा जास्त.

ई-मार्कचा घोळ

दिव्यावर गोलात 'ई' आणि आकडा, म्हणजे युरोपी मंजुरीचा शिक्का, दिसला की दुकानदार "ई-मार्क आहे साहेब, लीगल" म्हणतो. दोन गोष्टी तपासा. पहिली, तो शिक्का कसला आहे. बहुतेक एलईडी बारवर १०-आर असं लिहिलेलं असतं. ती रेग्युलेशन १० ची मंजुरी, म्हणजे दिव्यामुळे रेडिओ लहरींत अडथळा येत नाही एवढंच. झोताच्या आकाराशी तिचा संबंध नाही. खऱ्या अप्पर दिव्याच्या काचेवर 'एचआर' ही अक्षरं आणि शेजारी १७.५ किंवा ३७.५ सारखा तीव्रतेचा संदर्भांक असतो. एका गाडीवरच्या सगळ्या दिव्यांचे संदर्भांक मिळून १०० च्या आत ठेवायचे, म्हणजेच वरचे ४,३०,००० कँडेला. फॉगलॅम्पवर 'बी' किंवा 'एफ३' असतं. अमेरिकी दिव्यावर एसएई आणि ड्रायव्हिंगसाठी 'वाय', फॉगसाठी 'एफ'. दुसरी गोष्ट, ह्या ई-मार्कमागच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारात, ज्यात देश एकमेकांची मंजुरी मान्य करतात, भारत नाही, १९९८ च्या करारात आहे. म्हणजे युरोपचा शिक्का दर्जाची खूण म्हणून चांगला, इथल्या कायद्यात तो परवाना ठरत नाही.

रेग्युलेशन १० निरुपयोगी आहे असंही नाही. स्वस्त बारच्या आतला 'ड्रायव्हर' (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) इतक्या रेडिओ लहरी सोडतो की बार लावताच एफएम खरखरतं आणि ताफ्यातला वॉकीटॉकी बहिरा होतो. खोल दरीत रात्री संपर्क तुटणं ही काही किरकोळ गोष्ट नाही. दुकानात बार पेटवून गाडीचा रेडिओ लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

खोक्यावरच्या ल्युमेनच्या (सगळ्या दिशांना मिळून एकूण प्रकाशाच्या) आकड्यांकडे दुर्लक्ष करा. कँडेला विचारा. कँडेलाचं वर्गमूळ काढलं की एक लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं एकक) प्रकाश किती मीटरपर्यंत पोचतो ते मिळतं: १०,००० ला १०० मीटर, ४०,००० ला २००. नियम १०५ मधल्या १५५ मीटरला चोवीस हजारांच्या आसपास लागतील.

आणि खरोखर ऑफरोडला हे अंतर लागतं का? सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटेवर गाडी ताशी दहा-पंधरा किलोमीटरने चालते. तिथे हवा असतो पहिल्या पंधरा-वीस मीटरांत दोन्ही बाजूंना पसरलेला मंद उजेड, खड्ड्याची सावली दिसेल असा, खाली लावलेला. टपावरून येणारा उजेड ती सावलीच पुसून टाकतो, बोनेटवर आपटून तुमचेच डोळे दिपवतो आणि धुक्यात किंवा धुळीत समोर पांढरी भिंत उभी करतो. लांबवर मारणारा स्पॉट खरा उपयोगी हायवेला, आणि तिथेच तो लावायला बंदी. म्हणजे बहुतेक लोक कायदा मोडून जो दिवा लावतात तो त्यांच्या कामाचा नसतोच.

मग करायचं काय

सगळ्यांत आधी आहेत तेच हेडलाइट पूर्ण ताकदीने चालवा. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. इंजिन चालू, अप्पर चालू, मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा, मग बल्बच्या होल्डरवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर उजेड वाटेत सांडतोय. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे १३.२ व्होल्टांतला एक व्होल्ट गळला की जवळजवळ पाव उजेड गेला. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून १० अँपिअर चार मीटर नेले की तो व्होल्ट गेलाच. तीच वायर २.५ ची घेतली तर गळती ०.३ व्होल्टवर येते. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), जाड वायर, चांगली अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची जोडणी) आणि मूळचाच ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब एवढ्याने पिवळट दिवा पांढरा होतो आणि कुठलाही नियम मोडत नाही. १००/९० वॅटचा बल्ब घालू नका: होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो, आणि तो बदल बेकायदेशीरही आहे. हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब घालणंही तसंच. प्रकाशाचा उगम फिलामेंटच्या जागेवर न पडल्याने कट-ऑफ फुटतो.

फॉगलॅम्प वरच्या व्हेरिएंटला कंपनीकडून येत असतील तर खालच्या व्हेरिएंटला तेच, त्याच जागी, कंपनीच्याच हार्नेसने (तयार वायरिंगने) बसवून घ्या. जागा खालीच हवी, आर-४८ नुसार साध्या मोटारींना जास्तीत जास्त ८०० मिलिमीटर, आणि डिपरच्या वर कधीच नाही. आंबोली-माळशेजच्या धुक्यात काम करतो तो खालून पसरणारा, वरची कड कापलेला झोत. काच पिवळी की पांढरी ह्याने फार फरक पडत नाही.

आणि ट्रॅकवर जादा दिवा हवाच असेल तर तो काढता-घालता येणारा ठेवा. रस्त्याने जाताना दिवा डिकीत, ट्रॅकवर पोचल्यावर गाडीवर. 'बसवलेला' दिवा राहत नाही, भांडण मिटलं. बंपरच्या किंवा टो-हुकच्या मूळ बोल्टावरच चपटा ब्रॅकेट घ्या. तो बाहेर धारदार निघालेला नको, पादचाऱ्याला लागतो. जिम्नी आणि जिप्सीला टपाच्या कडेला गटर आहे, तिथे क्लॅम्प बसतो. पत्र्याला भोक पाडू नका, पहिल्या पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. चुंबकाच्या बुडाचे दिवे पत्र्यावर धरतात, फायबरच्या हार्डटॉपवर किंवा सॉफ्टटॉपवर नाही. थार रॉक्ससारख्या अडासवाल्या (रडार-कॅमेऱ्याने ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत पुढच्या रडारसमोर आणि काचेवरच्या कॅमेऱ्यासमोर काहीही आणू नका.

वायरिंग

१२० वॅटचा बार साधारण ९-१० अँपिअर खातो, ५५ वॅटची हॅलोजन जोडीही तेवढेच. वायर २.५ चौरस मिलिमीटर, गाडीसाठीचीच. घरगुती वायरचं वेष्टण ऑइल आणि इंजिनच्या उष्णतेला तडकतं. फ्यूज १५ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. तो दिव्याच्या जवळ लावला तर मधली चार मीटर वायर उघड्यावर पडली, आणि बोनेटखालच्या आगी लागतात त्या नेमक्या तिथे. रिलेच्या ३० नंबरला फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला दिवा, ८५-८६ कॉइल. पाच पिनांचा रिले हाती आला तर मधली ८७-ए मोकळी सोडा. ती जोडली की उलटा कारभार होतो: अप्पर बंद केलं की जादा दिवा पेटतो, आणि सकाळी बॅटरी झोपलेली असते.

रिलेच्या कॉइलला चालू करणारा करंट अप्परच्या दिव्याकडून द्या, म्हणजे डिपर दिल्याबरोबर जादा दिवाही विझतो. इथे खूप इलेक्ट्रिशियन फसतात, कारण बऱ्याच जपानी वळणाच्या गाड्यांत हेडलाइट निगेटिव्ह बाजूने स्विच होतो. होल्डरच्या कॉमन पिनवर कायम १२ व्होल्ट असतात आणि अप्परची पिन अर्थला जोडून दिवा लागतो. तिथे 'अप्परची पॉझिटिव्ह' शोधत बसलात तर डिपरवर असतानाही फिलामेंटमधून आलेले १२ व्होल्ट दिसतात आणि रिले भलत्याच वेळी ओढतो. सोपा उपाय: कॉइलची दोन टोकं होल्डरच्या कॉमन आणि अप्पर ह्या दोन पिनांवर जोडा, मध्ये डॅशबोर्डवरचा स्विच. आत डायोड नसलेला साधा रिले असेल तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्ही पद्धतींत हे चालतं. मात्र हे हॅलोजन एच-४ च्या गाड्यांपुरतं. कंपनीचे एलईडी हेडलाइट असतील तर त्यांचा करंट कंट्रोल युनिट सांभाळतं, तिथे वायर कापून किंवा चिमटा मारून जोड दिलात की डॅशवर एरर येते आणि वॉरंटीवर पाणी पडतं. तिथे ट्रॅकपुरत्या दिव्यासाठी पूर्ण वेगळं सर्किट घ्या आणि डांबर लागायच्या आधी प्लग काढा.

आयडल स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणं) असलेल्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट सेन्सर असतो. जादा दिव्याची अर्थ थेट त्या टर्मिनलवर टाकू नका, बॉडीच्या स्वच्छ घासलेल्या बोल्टावर टाका, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो. डाग देऊन केलेला जोड धक्क्यांनी कडेला तुटतो. त्यापेक्षा क्रिंप (दाबून बसवलेला जोड) आणि वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). नुसती काळी टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं. अर्धा तास पेटलेला दिवा गरम असताना ओढ्यात उतरलात की आतली हवा आक्रसते आणि फट सापडेल तिथून पाणी ओढते, बहुतेक वेळा वायर आत जाते त्या ग्लँडमधून (रबरी बुचातून). मागे श्वासछिद्राचा पडदा असलेला दिवा घ्या, आणि ओढा दिसला की पाच मिनिटं आधी बंद करा.

नेम धरायला सपाट जागा आणि भिंत. टायरमध्ये नेहमीची हवा, मागे नेहमीचं सामान. गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा आणि भिंतीवर दिव्याच्या मध्याइतक्या उंचीची खडूची रेघ मारा. झोताचा गाभा तिच्या १० सेंटिमीटर खाली आला पाहिजे. सस्पेन्शन उचलून घेतलं असेल तर कंपनीच्या हेडलाइटचाही नेम पुन्हा धरा. दोन इंच लिफ्टनंतर डिपरसुद्धा समोरच्याच्या आरशात जातो, आणि तो नियम १०६ चाच भंग.

विम्याचंही बघा. कंपनीच्या किमतीत नसलेली विजेची उपकरणं पॉलिसीत वेगळी नोंदवली नसतील तर त्यांची भरपाई मिळत नाही. त्यासाठी आयएमटी-२४ हे एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडायची पुरवणी) आहे, टॅरिफप्रमाणे उपकरणाच्या किमतीच्या ४ टक्के प्रीमियम. पण नियमात न बसणारा दिवा तिथे नोंदवून तो नियमात बसत नाही. आणि बोनेटखाली आग लागली तर सर्व्हेअर पहिली नजर बॅटरीवरून निघालेल्या जादा वायरीवर टाकतो.

काढता-घालता येणाऱ्या दिव्याचा कनेक्टर जलरोधक, दोन पिनांचा घ्या, आणि गाडीच्या बाजूला कायम खोबणीचं टोक ठेवा, पिनांचं नाही. करंट असलेल्या उघड्या पिना बंपरला टेकल्या की फ्यूज उडतो. दिवा काढल्यावर त्या टोकाला डमी टोपी लावा. एकदा त्यात चिखल बसला की पुढच्या वेळी पिना हिरव्या पडलेल्या असतात.